पीटीचा तास आणि आपली तालीम

मागच्या वर्षी जून महिन्यात मुलीच्या शाळेत पालकसभा होती. दहावीचा निकाल घसरला होता. मुख्याध्यापकांनी तीन वर्षांचे टक्के फळ्यावर लिहिले आणि शेवटी एक सूचना मांडली. नववी-दहावीचे पीटीचे आठवड्यातले दोन तास गणित आणि विज्ञानाला द्यायचे. पीटीचे सर निवृत्त झालेत, त्यांच्या जागी कुणी आलेलं नाही, तास तसेही वाया जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. "पालकांची हरकत नसेल तर," ते म्हणाले. सभेत साठेक पालक असतील. पहिला हात वर झाला तो माझा.

त्या दिवशी आपलं काही चुकतंय असं मला वाटलं नाही. माझे अब्बा मिरजेत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचे. पंक्चर काढता काढता ते मला एकच सांगायचे, की हातातला हा पाना सुटायला हवा असेल तर पुस्तक धर. मी धरलं. घरात पदवी घेतलेला मी पहिला. आपण ज्या शिडीने वर आलो तीच काय ती खरी शिडी, असं माणसाला वाटत राहतं. माझी शिडी मार्कांची होती. पीटीच्या तासाला आम्ही झाडाखाली बसून गप्पा मारायचो, तेव्हा तो तास गेल्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

संध्याकाळी चहाच्या वेळी मुलीने विचारलं, "अब्बा, पैला हात तुमीच उठाए ना?" मैत्रिणीच्या आईकडून तिला कळलं होतं. मी हो म्हणालो आणि गणिताचं महत्त्व सांगायला लागलो. तिने सगळं ऐकून घेतलं, कप उचलला आणि आत गेली.

ती शाळेच्या खो-खो संघात होती. आठवीत असताना तालुक्याच्या सामन्यात तिने दीड मिनिट संरक्षण केलं होतं. ते दीड मिनिट तिने आम्हाला घरी महिनाभर ऐकवलं होतं. कुणाला कसं चुकवलं, खांबाजवळ पाय कसा घसरला, शेवटी सूर मारून तिला कुणी टिपलं, सगळं. तो सामना बघायला मी गेलो नव्हतो. रजा मिळाली नाही, असं मी तिला सांगितलं होतं. खरं तर मी रजा मागितलीच नव्हती.

त्या चहानंतर मी आमच्या घरातला एक हिशेब पहिल्यांदा नीट बघितला. माझा मुलगा सातवीत आहे. शाळा सुटली की दप्तर टाकून तो बाहेर पळतो. गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे, तिथे अंधार पडेपर्यंत क्रिकेट चालतं. त्याचा पीटीचा तास गेला तरी त्याच्या पळण्यात काही फरक पडणार नाही. मुलगी पाचला घरी येते, सहाला ट्यूशनला जाते, आठला परत येते. मधल्या वेळात आईला हातभार. त्याच प्लॉटवर तीसुद्धा सहावीपर्यंत खेळायची. मग जाणं बंद झालं. कुणी बंदी घातली असं नाही. शेजारच्या खाला एकदा सहज म्हणाल्या, "अब बडी हो गई," आणि आम्ही सगळ्यांनी तितक्याच सहज ते मान्य केलं.

म्हणजे तिने पळावं, ओरडावं, धुळीत पडावं आणि कुणी काही म्हणू नये, अशी गावात एकच जागा उरली होती. शाळेचं मैदान. तिथे तिचा हक्काचा वेळ पस्तीस मिनिटांचे दोन तास, आठवड्याला एकूण 70 मिनिटं. ती 70 मिनिटं मी हात वर करून देऊन टाकली होती.

हा प्रश्न फक्त आमच्या मोहल्ल्याचा आहे असं कुणी समजू नये. ऑफिसातल्या माझ्या सहकाऱ्यांना विचारलं. त्यांत मराठा आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत, बौद्ध आहेत. पाळी सुरू झाल्यावर मुलगी अंगणातून घरात येते, ही गोष्ट जवळजवळ सगळ्यांच्या घरी घडलेली होती. आमच्याकडे तिला मजहबचं नाव मिळतं, दुसरीकडे वळणाचं, तिसरीकडे काळजीचं. मुलगी मात्र सगळीकडे घरातच बसते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की 5 ते 17 वर्षं वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं अंगाला दम लागेल अशी हालचाल करायला हवी. संघटनेच्या संशोधकांनी 2019 मध्ये 146 देशांच्या आकडेवारीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. 11 ते 17 वयोगटातली 81 टक्के मुलं एवढी हालचाल करत नाहीत, असं त्यात दिसलं. मुलग्यांत हे प्रमाण 78 टक्के होतं, मुलींमध्ये 85 टक्के. आठवड्याच्या 70 मिनिटांनी ही गरज भागत नाही हे उघड आहे. पण ज्या मुलीला बाकी सहा दिवस काहीच मिळत नाही, तिच्या पानातला तो एकच घास असतो.

आणखी एक आकडा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 या काळात, देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. यासाठी शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. किती मुली ती गिळतात आणि किती जणी खिडकीतून टाकतात, हे मुलींनाच विचारा. माझ्या मुलीला रक्त कमी आहे हे आम्हाला कळलं ते पीटीच्या सरांमुळे. आठवीच्या सुरुवातीला मैदानाच्या दोन फेऱ्यांत तिला धाप लागली. सरांनी तिला बसवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पळवून बघितलं आणि मग मला फोन केला. "एकदा रक्त तपासून घ्या, ही आळशी पोरगी नाही." तपासणीत हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. गणिताच्या तासाला बाकावर बसलेल्या मुलीची धाप कुणाला दिसणार? ते सर निवृत्त झाले आणि वर्गातल्या बाकीच्या मुलींकडे तसं बघणारं आता शाळेत कुणी नाही.

आता शाळेच्या बाजूनेही बोललं पाहिजे. दहावीच्या मंडळात आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय आहे. त्याची श्रेणी गुणपत्रिकेवर छापली जाते, टक्केवारीत धरली जात नाही. ज्या विषयाने निकाल वर जात नाही आणि खालीही येत नाही, त्याचा तास पहिल्यांदा कापला जाणार. मुख्याध्यापकांना वर निकालाचा जाब द्यावा लागतो. पळण्याचा जाब त्यांना कुणीच विचारत नाही. गंमत अशी, की वर्षभरात एकदाही मैदानावर न गेलेल्या मुलांच्या गुणपत्रिकेवरसुद्धा या विषयाची श्रेणी चांगली असते. ही आपण सगळ्यांनी मिळून मान्य केलेली खोटी सही आहे.

कायद्यात काही नाही असं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तर कला, कार्यानुभव आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमावेत असंही आहे. पण हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीत, जेव्हा अंग झपाट्याने वाढत असतं आणि मुलं स्वतःच्याच शरीराला बिचकत असतात, नेमक्या त्या वयात कायद्याचा हात सुटतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको असं म्हटलं. ती भिंत आमच्या वेळापत्रकात अजून जशीच्या तशी उभी आहे.

असं काही लिहिलं की लोक लगेच मोठी नावं घेतात. मीही घेऊ शकतो. नांदेडला लागून असलेल्या निझामाबादची निखत झरीन 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोनदा बॉक्सिंगची जगज्जेती झाली. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी जिंकला, आणि दोन्ही संघांचं कर्णधारपद महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होतं. माझ्या मुलीने तो अंतिम सामना जेवण सोडून बघितला. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, हेही मी पालकांना सांगू शकतो.

पण मला हा मुद्दा पदकाच्या जोरावर मांडायचा नाही. माझी मुलगी निखत होणार नाही. तुमचीही बहुधा होणार नाही. पदकाचं आमिष दाखवून खेळाचा तास वाचवायला गेलो तर पदक न मिळणाऱ्या मुलांचा त्या तासावर हक्क उरत नाही. शाळांत आज नेमकं हेच होतं. चारशे मुलांच्या शाळेत खो-खोची बारा मुलं निवडायची, त्यांनाच स्पर्धेपुरतं पळवायचं, ट्रॉफी आली तर मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायची. 29 ऑगस्टला क्रीडा दिनाचा फोटो काढायचा. उरलेली तीनशे अठ्ठ्याऐंशी मुलं टाळ्या वाजवायला. माझी मुलगी त्या बारांत होती, म्हणून मला हे इतकी वर्षं दिसलं नाही. जाड मुलगा, चष्मेवाली मुलगी, एका पायाने अधू असलेला मुलगा, चेंडू आला की डोळे मिटणारं पोर, पीटीचा तास खरा त्यांचा असतो. पळायला येणारं पोर कुठेही पळून घेईल. शेवटी येणाऱ्याला शिकवण्यासाठीच शिक्षक लागतो. गणितात कच्च्या मुलाला आपण जादा तास लावतो आणि पळण्यात कच्च्या मुलाला मैदानाच्या कडेला बसवतो.

आता थोडं आपल्या घरातलं. आमच्या उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. मूळ अरबी शब्द एकच, शिकवणं या अर्थाचा. आमचे पूर्वज ज्या मातीत राहिले तिथल्या लोकांनी तो उचलला आणि अंग घडवण्याच्या जागेला दिला. कुस्ती, पैलवान, मैदान, जोर, खुराक हे सगळे फारसीतून आलेले शब्द. उस्तादाचा वस्ताद झाला. शाळेच्या मिरवणुकीतली लेझीमही मूळची फारसी. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1912 मध्ये खासबागेचं मैदान बांधलं, उत्तरेतल्या मुसलमान पैलवानांनाही आसरा दिला. कोल्हापूरच्या तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. एवढा मोठा वारसा असलेला समाज आज पालकसभेत उभा राहून म्हणतो, की तालीम पाहिजे म्हणून खेळाचा तास बंद करा. हे म्हणणारा मीच होतो.

दीनचं नाव पुढे करणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. पैगंबरसाहेबांनी हजरत आयेशा यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती, एकदा त्या जिंकल्या आणि पुढे एकदा ते, ही रिवायत आपल्या मौलवींना चांगली ठाऊक आहे. अंगाचाही आपल्यावर हक्क असतो, ही शिकवणही त्यांनी ऐकलेली आणि ऐकवलेली आहे. जुम्याच्या बयानात या गोष्टी कधी येत नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे.

राहिला कपड्यांचा प्रश्न. इथे दोन्ही बाजू हट्टाला पेटतात आणि मुलगी मधल्या मधे मरते. शाळा म्हणते, संघाचा गणवेश हाफ पँट. घर म्हणतं, हाफ पँट नाही. मुलगी संघाबाहेर. वास्तविक जगाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. फुटबॉलच्या नियम मंडळाने 2014 मध्ये डोकं झाकून खेळायला परवानगी दिली, बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने 2017 मध्ये. अमेरिकेची इब्तिहाज मुहम्मद 2016 च्या ऑलिम्पिकमध्ये हिजाब घालून तलवारबाजी खेळली आणि संघासोबत कांस्यपदक घेऊन आली. आमच्या शाळेत एक साधी ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट चालवून घेतला असता तर तीन मुली संघात राहिल्या असत्या. यात हिंदू घरातली एक होती. तिच्या आजोबांचाही हाफ पँटला विरोधच होता. आणि जिला हाफ पँट घालून खेळायचंय तिला आपण मोहल्ल्यातून टोमणे मारायचे नाहीत, हेसुद्धा त्याच न्यायात बसतं. सूर्यनमस्कार असावेत की नसावेत यावर आपण जेवढे वाद घातले, तेवढ्या वेळात पोरांनी हजारो जोर-बैठका काढल्या असत्या. ज्याला नमस्कार घालायचे तो घालेल, ज्याला नाही तो जोर काढेल. घाम दोघांना सारखाच येतो.

मुलग्यांबद्दलही बोलायला हवं. त्यांना प्लॉट आहे, पण प्लॉटवर शिकवणारं कुणी नाही. आमच्या गल्लीत दहावीनंतर गॅरेजला लागलेली पोरं संध्याकाळी मावा चोळत पुलावर बसतात. मी शाळेत असताना त्या वयाची पोरं तालमीत दिसायची. वस्ताद अडाणी असले तरी कोण आला, कोण नाही, कुणाच्या तोंडाला वास येतो, एवढं त्यांचं लक्ष असायचं. आणि तिथे एकमेकांची नावं माहीत व्हायची. आज आमचे मोहल्ले आणि त्यांच्या गल्ल्या इतक्या वेगळ्या झाल्यात, की पोरांना एकमेकांची ओळख मोबाईलवरच्या व्हिडिओतून होते. खो-खोच्या रांगेत पाठीवर थाप मारून खो द्यावा लागतो. समोर बसलेली पोरगी कोणत्या घरची आहे हे बघायला तिथे सवड नसते. माझ्या मुलीच्या सगळ्यात जवळच्या दोन मैत्रिणी त्या रांगेत मिळालेल्या आहेत, आमच्या गल्लीत नाही.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. नववी-दहावीचा पीटीचा तास कुठल्याही निकालासाठी काढायचा नाही, हे पालकसभेने लिहून द्यावं. शिक्षक नसेल तर निदान अंशकालीन माणूस शाळेने किंवा पालकांनी मिळून नेमावा. गावात शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन बसलेली बेकार पोरं-पोरी आहेत, मुलींसाठी त्यातली एखादी ताई मिळाली तर उत्तम. मैदानाला लागून पाणी आणि कडी लागणारं स्वच्छतागृह असावं, कारण पाळीच्या दिवसांत मुली मैदान का टाळतात ते पुरुष शिक्षकांना विचारता येत नाही आणि मुलींना सांगता येत नाही. गर्दीच्या वस्तीतल्या उर्दू शाळांना, अंजुमनच्या शाळांना मैदानच नसतं. त्यांना नगरपालिकेचं मैदान किंवा तालुक्याचं क्रीडा संकुल आठवड्यातले ठरलेले तास मिळावं. दोरीच्या उड्या, लंगडी, लगोरी यांना तर शाळेची गच्चीसुद्धा पुरते.

यंदाच्या जूनमध्ये पुन्हा सभा झाली. दहावीचा निकाल दोन टक्क्यांनी वाढला होता. मुख्याध्यापकांनी ते श्रेय जादा तासांना दिलं, आणि ते खोटं असेल असं मी म्हणत नाही. मी पुन्हा हात वर केला. म्हणालो, मागच्या वर्षी सगळ्यात आधी हो म्हणणारा मी होतो, आज ते परत घ्यायला आलोय. रक्त तपासणीची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "यांची पोरगी खेळाडू आहे म्हणून." काहीजण हसले. मग एक आई उठल्या. त्यांच्या मुलीला खेळता-बिळता काही येत नाही, असं त्या म्हणाल्या. पण पीटी बंद झाल्यापासून ती शाळेतून आली की थेट झोपते, आणि पूर्वी तशी नव्हती. यावर सभेत कुणी हसलं नाही.

तासाभराच्या चर्चेनंतर एवढंच ठरलं, की शनिवारच्या सकाळच्या शाळेत नववीला एक तास मैदानाचा. दहावीला नाही. दहावीचं वर्ष महत्त्वाचं आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. माझी मुलगी आता दहावीत आहे.

शनिवारी तिच्या वर्गाच्या खिडकीतून मैदान दिसतं. नववीच्या मुली खो-खोच्या रेषा आखतात, ते तिने मला सांगितलं. फक्की नीट पडत नाही, चौकोन वाकडे होतात, असंही सांगितलं. या शनिवारी सकाळी ती नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर निघाली. का, ते मी विचारलं. रेषा आखून द्यायला, म्हणाली. मी गाडी काढली आणि तिला सोडायला गेलो. या वेळी मी रजा टाकली होती.